लंडनच्या चर्चमध्ये दुपारी होणाऱ्या मोफत मैफलींना तिकीट लागते का, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनी गेलेले चालते का?
तिकीट सहसा लागत नाही आणि कोणत्याही धर्माच्या माणसाने गेलेले चालते, कारण ती उपासना नसून निव्वळ मैफल असते. पिकॅडिलीवरचे सेंट जेम्स चर्च, म्हणजे वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी उभारलेली १६८४ची वास्तू, अशा मैफलींसाठी प्रसिद्ध आहे. कार्यालयांच्या जेवणाच्या सुट्टीत बसावा म्हणून कार्यक्रम एकच्या सुमारास सुरू होऊन तासाभरात आटोपतो. वादक बहुधा संगीत महाविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण असतात, त्यांना जाणकार श्रोत्यांसमोर वाजवण्याची संधी हवी असते, आणि एखादी सोनाटा (एकदोन वाद्यांसाठीची अनेक खंडांची रचना) किंवा स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) तेवढ्या वेळात पुरती ऐकून होते. ‘मोफत’ शब्दाला मात्र एक पुरवणी आहे: दाराशी देणगीची टोपली किंवा कार्डाचे यंत्र असते, त्यात काही पौंड टाकण्याची अपेक्षा असते, सक्ती नसते. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्ससारख्या ठिकाणी संध्याकाळच्या मैफलींना रीतसर तिकीट असते, तेव्हा निघण्यापूर्वी त्या चर्चचे वेळापत्रक पाहावे. रचनेचा एक खंड संपला की टाळ्या वाजवायच्या नसतात; आपल्याकडच्या दाद देण्याच्या सवयीमुळे तिथे हमखास फसगत होते.