अनेक वर्षांपूर्वी निराशा केलेला एखादा संगीतप्रधान चित्रपट पुन्हा पाहिलात का? मत बदललं का?

हो, गुलजार यांचा 'मीरा'. १९७९चा. गेल्या महिन्यात परत पाहिला. चित्रपटाबद्दलचं मत फारसं हललं नाही, पण त्यातलं वाणी जयराम यांचं गाणं यावेळी मला अक्षरशः नव्याने ऐकू आलं, म्हणून हे उत्तर लिहितोय.

तेव्हा निराशा का झाली, ते आधी सांगायला हवं. आमच्यासारख्या मराठी घरांत मीरा म्हणजे लताबाई आणि हृदयनाथ. 'चाला वाही देस', 'सांवरा रे म्हारी प्रीत निभाजो जी' या तबकड्या ऐकून कान तयार झालेले. त्यात या चित्रपटाला संगीत पंडित रविशंकर यांचं, ज्यांनी 'अनुराधा'मध्ये 'हाये रे वो दिन'सारखं गाणं दिलं होतं. दिग्दर्शक गुलजार, पडद्यावर हेमा मालिनी, विनोद खन्ना, शम्मी कपूर, डॉ. श्रीराम लागू. एवढं सगळं एकत्र आल्यावर अपेक्षा आभाळाला टेकणारच. आणि लताबाईंचा आवाज मात्र नाही! हृदयनाथांकडे मीरा गाऊन झाल्यावर ती पुन्हा दुसरीकडे गायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी नकार दिला, म्हणून आधी ठरलेले लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनीही अंग काढून घेतलं. मग काम रविशंकरांकडे गेलं आणि आवाज आला वाणी जयराम यांचा. आम्ही सगळे त्या पोकळीसकट चित्रपट पाहायला बसलो होतो.

आता पाहताना चित्रपटाचं दुखणं कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. गुलजारांना चमत्कारांची मीरा नको होती. आपलं लग्न कृष्णाशी आधीच झालंय हे शांतपणे सांगणारी आणि त्यावरून तसूभरही न हटणारी बाई त्यांना हवी होती. ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. पण ती उभी करायला त्यांनी राजकारणाचा एवढा फाफटपसारा मांडला की राजपूत घराण्यांचे तह, अकबराची स्वारी, दरबारातला न्यायनिवाडा यांतच कितीतरी वेळ जातो. त्यातून अकबर इथे मीरेच्या नवऱ्याचा समकालीन आहे. प्रत्यक्षात भोजराज अकबराच्या जन्माआधीच वारला. अकबर-तानसेन-मीरा भेटीची दंतकथा जुनी आहे, ती घ्यायला हरकत नाही. पण सगळं कथानक तिच्यावर रचायचं आणि वर वास्तववादी मांडणीचा आग्रह धरायचा, हे मला पटत नाही.

दुसरं दुखणं गाणं आणि चेहरा यांतल्या अंतराचं आहे. एलिस डंगन यांनी केलेल्या आधीच्या 'मीरा'त (तमिळ १९४५, हिंदी १९४७) एम. एस. सुब्बुलक्ष्मी स्वतःच गात होत्या. अभिनय बेताचा असला तरी सूर त्यांच्याच गळ्यातून येताना दिसतो आणि आपण विश्वास ठेवतो. हेमा मालिनींनी मनापासून काम केलंय, नजरेत निश्चय आहे. पण गाण्यातली आर्तता त्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. बोलण्याच्या प्रसंगांत त्या जास्त खऱ्या वाटतात, विशेषतः ठामपणे नाही म्हणतात तेव्हा.

म्हणून यावेळी मी एक केलं. गाणं सुरू झालं की पडद्यावरून नजर काढून घेतली आणि फक्त ऐकलं.

वाणीबाईंना आपण मराठी लोकांनी तरी परकं मानायचं कारण नव्हतं. त्यांना हिंदीत आणलं वसंत देसाईंनी, 'गुड्डी'तल्या 'बोले रे पपिहरा'मधून. 'देव दीनाघरी धावला' नाटकासाठी कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या जिथुन पडल्या गाठी' त्यांनीच गायलं, तेही देसाईंकडेच. कुमारांसमोर उभं राहून गाणं ही साधी गोष्ट नव्हे. पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडची तालीम त्यामागे होती. तरीही 'मीरा' पाहताना आम्ही त्यांना सतत लताबाईंशेजारी उभं करत राहिलो.

'जो तुम तोडो पिया, मैं नाही तोडूं' हे पद घ्या. 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (१९५५) वसंत देसाईंच्याच चालीत लताबाईंनी ते गायलंय. त्यात विनवणी आहे, गळा भरून येईल अशी. वाणीबाईंच्या गाण्यात मला विनवणी ऐकूच येत नाही. तू तोड, मी तोडणार नाही, एवढं सांगून ती बाई मोकळी होते. सूर सरळ आणि टोकदार लागतो, हुंदका कुठे नाही. 'बाला मैं बैरागण हूंगी'तही तसंच. 'जिन भेषां म्हारो साहिब रीझे, सोही भेष धरूंगी' या ओळीत निर्णय आधीच झालेला आहे. गुलजारांना जी मीरा हवी होती ती पटकथेत अर्धीमुर्धीच उतरली, पण या आवाजात पूर्ण उतरलीय. रविशंकरांनी चाली रागातच ठेवल्या, वाद्यांची गर्दी केली नाही, म्हणून तो आवाज असा उघडा ऐकू येतो. 'मेरे तो गिरिधर गोपाल'साठी वाणीबाईंना १९८०चा फिल्मफेअर मिळाला तो सहानुभूतीचा नव्हता, याची मला आता पुरती खात्री आहे.

तुम्ही कधी पाहणार असाल तर गाणी आधी दोन-तीनदा ऐकून घ्या, शब्द समोर ठेवून. मग चित्रपट लावा. मधली लढाया-दरबारांची प्रकरणं पुढे ढकलली तरी चालतील, पण मीरा आणि भोजराज यांचे संवाद सोडू नका. बायको आपली होणार नाही हे कळलेला आणि तरी तिच्याशी सभ्यतेने वागू पाहणारा नवरा विनोद खन्नांनी फार संयमाने केलाय. तेव्हा त्यांच्या या कामाबद्दल कोणी बोललेलं मला आठवत नाही.