लहान स्थानिक संस्थेने शाळा, दवाखाना आणि इतर संस्थांना कुटुंबांच्या मदतीसाठी एकत्र कसं आणावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे अडचणीतली कुटुंबं येतात. शाळा, दवाखाना, समुपदेशन केंद्र, कायदेविषयक मदत देणारे अशा पंधराएक जणांना पहिल्या बैठकीला बोलवून सामंजस्य करार करायचा आहे, आणि त्याचा मसुदा हवा आहे. मसुद्यावर येतेच, पण आधी स्पष्ट सांगते: बैठक आत्ता बोलवू नका. पंधरा संस्था एका खोलीत आल्या की प्रत्येक जण आपापल्या कामाची माहिती देतो, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात आलेल्या बाईच्या हातात दुसऱ्या संस्थेकडे पाठवणारी तीच चिठ्ठी पुन्हा पडते.

त्याआधी मागच्या सहा महिन्यांत तुम्ही दुसरीकडे पाठवलेली 20 कुटुंबं काढा. प्रत्येकापुढे चार रकाने आखा: पाठवलं, पोहोचलं, काम सुरू झालं, काम पूर्ण झालं. रकाने फाइल बघून भरू नका, कुटुंबाशी बोलून भरा. फाइलमध्ये ‘पाठवलं’ हेच शेवटचं वाक्य असतं. गळती कुठे होते ते या एका कागदावर दिसतं, आणि बहुतेक वेळा ती त्याच दोन-तीन सांध्यांवर होते. ज्यांच्याशी हे सांधे जुळवायचे, त्या चार-पाच संस्थांपासूनच सुरुवात करा. पाच संस्थांमध्ये जोड्या होतात 10, पंधरांमध्ये 105. तेवढी नाती सांभाळणारा माणूस तुमच्याकडे नाही.

एक केस उलगडून दाखवते. हे एकच घर नाही, पुन्हा पुन्हा जे दिसतं ते एका घरात बसवलंय. आई आणि दोन मुलं. मोठा नऊ वर्षांचा, दीड महिना शाळेत नाही. धाकटी तीन वर्षांची, अजून नीट बोलत नाही. भाडं थकलंय, घरमालकाची नोटीस आलीय. संस्था तीन चिठ्ठ्या देते: एक शाळेच्या समुपदेशकाला, एक वाचा-उपचार केंद्राला, एक कायदेविषयक मदत केंद्राला. तिन्ही चिठ्ठ्या बरोबर. पण कायदेविषयक केंद्राचा वार मंगळवार, उपचार केंद्राने मंगळवारी अकराची वेळ दिली आणि शाळेनेही पालकभेटीला मंगळवारच ठरवला. आई नोटीस घेऊन वकिलाकडे गेली. कोणीही तेच केलं असतं. शाळेने नोंदवलं, ‘पालकांचं सहकार्य नाही.’ पुढचा मंगळवारही कागदपत्रांत गेला, दोन वेळा चुकल्या म्हणून उपचार केंद्राने मुलीचं नाव प्रतीक्षा यादीतून काढलं. आता नवीन पत्र आणा, रांगेत पुन्हा शेवटी उभे राहा.

आणि मुलगा शाळेत का जात नव्हता? आई दोन वाजता कामाला निघते, शाळा साडेचारला सुटते. धाकटीला सांभाळणारी शेजारीण दुसरीकडे राहायला गेली, तेव्हापासून मधल्या वेळात ती याच्याकडे असते. एवढंच कारण. शाळेने हजेरीचं विचारलं, केंद्राने बोलण्याचं, वकिलाने भाड्याचं. प्रत्येकाने आपल्या फॉर्मवरचा प्रश्न विचारला, दुपारचे अडीच तास कोणाच्याच फॉर्मवर नव्हते. चारही टेबलांवर आईने तीच कहाणी पहिल्यापासून सांगितली, नवरा कधी गेला इथपासून. तिसऱ्यांदा सांगताना माणूस गोष्टी गाळायला लागतो, आणि गाळलं जातं तेच महत्त्वाचं असतं.

म्हणून पहिल्या भेटीत फॉर्म बाजूला ठेवून इको-मॅप काढा. ॲन हार्टमन यांनी 1970च्या दशकात समाजकार्यात आणलेली ही पद्धत आहे. कागदाच्या मधोमध घर, भोवती वर्तुळं: शाळा, काम, नातेवाईक, शेजार, दवाखाना. घट्ट नात्याला जाड रेघ, पातळ झालेल्याला तुटक, ताणाच्या नात्याला नागमोडी. वीस मिनिटं लागतात. ‘ही शेजारीण आता कुठे आहे?’ हा प्रश्न तिथेच निघतो. पेन मात्र आईच्या हातात द्या.

दुसऱ्या संस्थेकडे पाठवताना चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. कुटुंब समोर बसलेलं असतानाच फोन लावायचा, स्पीकरवर, आणि पलीकडच्या माणसाशी नावानिशी ओळख करून द्यायची. वेळ ठरल्याशिवाय कुटुंबाने खुर्चीवरून उठायचं नाही. पहिल्या भेटीला शक्य तर सोबत जा. चिठ्ठीवर पाच गोष्टी हव्यातच: अडचण कुटुंबाच्याच शब्दांत, येता येण्यासारख्या वेळा, कोणत्या नंबरवर आणि किती वाजता फोन केलेला चालेल, आधी काय काय करून झालंय, आणि कोणता विषय काढायचा नाही. मग दुसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी पाठपुरावा. सातव्या दिवशी ‘पोहोचलं नाही’ असं आलं तर कारण लिहायचं. त्यात ‘इच्छा नाही’ हा पर्याय ठेवूच नका, तो ठेवला की कार्यकर्ते तोच निवडतात. प्रवासाला पैसे नव्हते, वेळ जमली नाही, कागद अपुरे होते, तिथे अपमान झाला, यादी बंद होती – अशी कारणं छापून ठेवा. प्रवासभाडं आणि झेरॉक्ससाठी कार्यकर्तीच्या हातात थोडी रक्कम असू द्या. त्या रकमेसाठी तीन सह्या लागत असतील तर ती नसल्यातच जमा.

प्रत्येक कुटुंबाला एकच मुख्य कार्यकर्ती, आणि ती कुटुंबाने निवडलेली. ती तुमच्याच संस्थेची असली पाहिजे असं नाही. शाळेतल्या बाईंवर विश्वास असेल तर शाळेतल्या बाई. तिचं काम एवढंच की कुटुंबावर एका वेळी तीनपेक्षा जास्त कामं पडू द्यायची नाहीत आणि दोन भेटी एका तासावर येऊ द्यायच्या नाहीत.

संमतीबद्दल. ‘माझी माहिती भागीदार संस्थांना देण्यास हरकत नाही’ अशा एका सहीला मी संमती मानत नाही. कोणाला, कोणती माहिती, कशासाठी, कधीपर्यंत – असे चार रकाने हवेत, आणि प्रत्येक ओळीपुढे वेगळी सही. भाड्याची माहिती वकिलाला जाईल, शाळेला नाही. मुदत 90 दिवसांची ठेवा, मग पुन्हा विचारा. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर गुप्तता पाळता येणार नाही, हे सही घेण्याआधी सांगायचं.

आता बैठक. पंधरवड्यातून एकदा, दीड तास, पाच ते सहा कुटुंबं, प्रत्येकी पंधरा मिनिटं. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते खोलीत हवेत. न्यूझीलंडने 1989च्या कायद्यात कौटुंबिक बैठकीची पद्धत आणली. तिच्यात माहिती देऊन झाली की व्यावसायिक मंडळी खोलीबाहेर जातात आणि कुटुंब आपसांत योजना ठरवतं. आपल्या बैठकीत तेवढं जमलं नाही तरी पहिलं बोलणं कुटुंबाचं असू द्या. वरच्या उदाहरणातली आई पहिली बोलली असती तर दुपारचे अडीच तास पहिल्याच मिनिटाला पुढे आले असते. इतिवृत्त नको, तीन रकाने पुरेत: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. पुढची बैठक त्या कागदापासून सुरू करायची.

करार एका पानाचा करा. त्यात दर आठवड्याला किती नवी कुटुंबं घेणार तो आकडा, संपर्काची व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत कोण, उत्तर किती दिवसांत (कामाचे दोन दिवस पुरतात), काय करू शकत नाही, आणि जागा भरल्या तर कधी कळवणार. ‘काय करू शकत नाही’ हा रकाना सगळ्यात उपयोगी. संपर्काची व्यक्ती बदलली की निम्मे सांधे निखळतात, म्हणून दर तीन महिन्यांनी यादीतला प्रत्येक नंबर फिरवून बघा. कुटुंबाला एकच ओळख क्रमांक सगळीकडे वापरा, नाहीतर तीन संस्था तेच घर तीन अहवालांत मोजतात.

हे सगळं करणारा माणूस म्हणजे समन्वयक, आणि इथे कार्यकारिणी अडते. ‘हा प्रशासकीय खर्च आहे, हा पैसा कुटुंबांना द्या’ हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. फोन लावणं, वेळा जुळवणं, सातव्या दिवशी विचारणं हीच कुटुंबाला मिळणारी सेवा आहे. जॉन कानिया आणि मार्क क्रेमर यांनी 2011 मध्ये ‘कलेक्टिव्ह इम्पॅक्ट’वरच्या (अनेक संस्थांनी मिळून एक सामाजिक प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीवरच्या) लेखात पाच अटी मांडल्या: समान उद्दिष्ट, समान मोजमाप, एकमेकांना पूरक कामं, सततचा संवाद आणि कणा म्हणून उभी राहणारी, स्वतःचा कर्मचारी असलेली संस्था. आधारव्यवस्थेशिवाय सहकार्य होईल ही अपेक्षाच अपयशाचं एक नेहमीचं कारण आहे, हे त्यांनी तिथेच लिहिलंय. हा लेख कार्यकारिणीपुढे ठेवा, सोबत तुमचा 20 कुटुंबांचा कागद ठेवा. 20 पाठवली आणि 7 पोहोचली असं दिसलं, तर उरलेल्या 13 घरांसाठी केलेलं काम वाया गेलं. तो खर्च आजही होतोच आहे, फक्त हिशेबात दिसत नाही. देणगीदार ‘किती रेफरल केले’ विचारत असेल तर ‘किती पोहोचले’ हा आकडा न विचारताही द्या. पहिल्या वर्षी तो कमीच दिसेल. त्या भीतीने तो लपवणाऱ्या संस्थांमुळेच ‘पाठवलं’ हे काम समजलं जाऊ लागलं.

याला मर्यादाही आहेत. त्या लेखात लोकांचा स्वतःचा अधिकार पुरेसा नव्हता अशी टीका झाली, आणि 2022 मध्ये लेखकांनी इतरांच्या साथीने ‘कलेक्टिव्ह इम्पॅक्ट’ची व्याख्या सुधारून समन्याय (इक्विटी) मध्यभागी आणला. तेव्हा पाच संस्थांच्या टेबलावर आधी मदत घेतलेल्या दोन पालकांना मानधनासह जागा द्या. शिवाय घरात मारहाण असेल तर वरचं बरंच लागू नाही: कौटुंबिक बैठक नाही, घरी चिठ्ठी नाही, इको-मॅप घरी न्यायचा नाही, आणि फोन फक्त तिने सांगितलेल्या वेळी. पलीकडून वेगळा आवाज आला तर काय बोलायचं, ते वाक्य आधीच तिच्याशी ठरवून चिठ्ठीवर लिहा.