दिवाळीच्या भेटी घेणार आहेस ना, मग हे वाच

पहिल्यांदाच घेते आहेस, म्हणून सांगते. दुकानातला चकचकीत ड्रायफ्रूटचा डबा राहू दे. गावातल्या बचत गटाकडून कोकम आगळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी घे. पण नवरात्रातच सांगून ठेव. दिवाळीच्या तोंडावर बायकांकडे घरचा फराळही असतो, त्यांना घाई लावणं बरं नव्हे. आणि भाव पाडू नकोस. मदत म्हणून घ्यायचं आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करायची, हे मला अजिबात पटत नाही.

घरात लहान मूल असेल तर सावंतवाडीची लाकडी खेळणी. थोरांसाठी पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगणारी पारंपरिक चित्रं, शक्यतो कलाकाराच्याच हातून.

विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या पणत्या घेतल्यास तर विचार, यातलं मुलांना किती मिळतं? विचारायला लाजू नकोस, चांगली संस्था नीट सांगते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. वस्तू विकत घेणं म्हणजे देणगी नव्हे, त्यावर देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) नाही. समजा मावशीला भेट म्हणून तिच्या नावाने देणगी द्यायची असेल तर वेगळी दे, २००० रुपयांच्या वर रोख नको, त्यावर सवलत मिळत नाही. पावती तुझ्या नावाची ठेव, मावशीला हाताने लिहिलेलं पत्र दे.