विद्यार्थी शाळेनंतर व्हॉट्सॲपवर शंका विचारतात. शिक्षकाने उत्तर द्यावे का?

आपण नुकत्याच शिक्षिका झाला आहात, विद्यार्थी रात्री आपल्याला वैयक्तिक मेसेज करून शंका विचारतात आणि ज्येष्ठ सहकारी ‘अजिबात उत्तर देऊ नका’ असे बजावतात, असे आपण लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे : उत्तर जरूर द्यावे, मात्र ते सगळ्या वर्गाला दिसेल अशा ठिकाणी द्यावे.

मी गणित शिकवतो. माझ्या नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी कधीच काही विचारत नसे. वर्गाचा ग्रुप सुरू केल्यावर एका संध्याकाळी तिने वहीच्या पानाचा फोटो टाकला. फोटो तिरपा होता, कोपऱ्यात अंगठा आला होता, आणि दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना तिने दोन्ही पदांचे नुसते वर्ग लिहून मधले पद गाळले होते. खाली एवढेच लिहिले होते, ‘सर, उत्तर पुस्तकाशी जुळत नाही.’ मी सूत्र पाठवले नाही. एक चौरस काढ, त्याच्या बाजू त्या दोन पदांप्रमाणे विभाग आणि आत कोणकोणते तुकडे तयार होतात ते पाहा, असे तिला सांगितले. तिची आकृती येण्याआधीच इतर काही जणांच्या आकृत्या आल्या, एकाने ‘माझेही हेच चुकले आहे’ असे लिहिले, आणि शेवटी तिने वगळलेले दोन्ही आयत पेन्सिलीने रंगवून पाठवले. ते पद कुठून येते, हे त्या वर्गाला मला पुन्हा सांगावे लागले नाही.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, याच ग्रुपवर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शिक्षकांच्या बैठकीत आक्षेप घेतला. फोनवर विचारायची सवय लागली की मुले वर्गात तोंड उघडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ग्रुप बंद करावा लागला. मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवत असतो तेव्हा सगळ्यांना सगळे समजल्यासारखे वाटते. खरी शंका येते ती घरी, तेच उदाहरण एकट्याने सोडवताना मध्येच अडते तेव्हा. त्या वेळी कोणी वाट दाखवली नाही, तर सकाळपर्यंत शंका विसरली जाते आणि ‘मला गणित येत नाही’ ही समजूत तेवढी पक्की होते. ती मुलगी पुढे वर्गातही हात वर करू लागली होती. सहकाऱ्यांनी ते पाहिले होते, तरी त्यांचे मत बदलले नाही.

सरसकट बंदी कायद्यालाही पेललेली नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्याने २०११ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या खासगी ऑनलाइन संपर्कावर बंदी घालणारे कलम मंजूर केले. मुलांना लैंगिक गैरवर्तनापासून वाचवण्याचा त्यामागचा हेतू योग्यच होता; पण शिक्षक संघटना न्यायालयात गेली, कलम लागू होण्याआधीच त्याला स्थगिती मिळाली आणि त्याच वर्षी ते रद्द करून शाळा-प्रशासनांनी आपापले लेखी धोरण ठरवावे, अशी तरतूद झाली.

म्हणून वैयक्तिक मेसेज आला, तर ‘हा प्रश्न ग्रुपवर विचार, तिथे सांगते’ एवढेच लिहा. उत्तरे किती वाजेपर्यंत मिळतील ते आधीच जाहीर करा. गुण, वर्तन, फी यांपैकी कशाचाही उल्लेख ग्रुपवर करू नका आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय बंद ठेवा. एखाद्याने घरातील अडचण कळवली, तर ती ग्रुपवर अर्थातच न्यायची नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत भेटून बोला आणि वर्गशिक्षकांना किंवा समुपदेशकांना कल्पना द्या.

आणखी काही गोष्टी सांगायला हव्यात. व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे आणि ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो, त्यामुळे शाळेकडे गूगल क्लासरूमसारखी सोय असेल तर तीच वापरा. ज्या मुलाला फोन पालक घरी आल्यावरच मिळतो, त्याचा विचार करून गृहपाठ केवळ ग्रुपवर कधीही देऊ नका. पालकांची संमती घ्या आणि मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. आमच्याकडे लेखी धोरणच नव्हते, त्यामुळे एका माणसाचा आक्षेप ग्रुप बंद करायला पुरेसा ठरला.