टॅब तुला येतोच, आता बी.एड. कर

गोव्यातल्या डिचोलीची एक विद्यार्थिनी लिहिते: ‘मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत एका विशेष शाळेत मदतीला जात होते. तिथल्या दहा वर्षांच्या एका मुलाला बोलता येत नाही. त्याच्यासाठी जुन्या टॅबवर माझ्या आवाजात ‘हजर, बाई’ रेकॉर्ड करून दिलं. काही दिवसांनी हजेरी सुरू व्हायच्या आधीच तो बटणावर बोट धरून बसायला लागला. मला हेच काम करायचं आहे. मैत्रिणी म्हणतात, कॉम्प्युटरचा कोर्स कर, अ‍ॅप बनव. आई म्हणते, अशा शाळेत पगार तो काय मिळणार? काय करू?’

बाय, विशेष शिक्षणातलं बी.एड. कर. टॅब तुला हाताळता येतोच, उरलेलं जाता जाता शिकशील. पण कुठल्या मुलाला काय द्यायचं आणि आपला हात कधी काढून घ्यायचा, हे अभ्यास केल्याशिवाय आणि वर्गात वावरल्याशिवाय समजत नाही.

इतकी वर्षं हजेरीला त्याच्या वतीने दुसरंच कुणीतरी ‘आलाय’ म्हणत असणार. आता तो स्वतः सांगतो आणि बाई त्याच्याकडे बघतात. आपण काहीतरी केलं आणि त्यामुळे समोर काहीतरी घडलं, हा अनुभव रोज आला की मूल धीट होतं. आता थोडा बदल कर. आवाज तुझा नको, त्याच्याच वयाच्या मुलाचा घे. ‘हजर’च्या शेजारी ‘परत सांगा’, ‘मला करू द्या’ आणि ‘नको’ अशी बटणं दे. घरी कोकणी बोलत असतील तर ‘नाका’ म्हण. हे ‘नको’ मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. या मुलांना दिवसभर कुणी ना कुणी भरवत असतं, उठवत-बसवत असतं. नाही म्हणायची सोय त्यांना फार कमी मिळते. मात्र बटण दिलंस तर ते मानायलाही हवं. त्याने ‘नको’ दाबलं आणि तरीही मणी ओवायलाच बसवलं, तर दोन दिवसांत तो टॅब बाजूला सारेल.

तयार अ‍ॅपमधली बर्फातली माणसं आपल्या मुलांच्या ओळखीची नसतात. त्यापेक्षा चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळांच्या माटोळीतल्या चिबडाचा, आंबाड्यांचा फोटो काढ आणि त्याच्या आजीच्या आवाजात नावं भर. वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी फोनमध्येच मजकूर वाचून दाखवण्याची आणि बोलून टाइप करण्याची सोय असते. एकट्याने दहादा ऐकता येतं, वर्गासमोर फजिती होत नाही.

अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे; सध्या तो किती वर्षांचा आणि यंदा प्रवेश आहेत ना, हे कॉलेजात विचारून घे. बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता अशा शाखांतून एक निवडावी लागते. कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. त्या मान्यतेशिवाय पुढे नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसली तर विशेष शिक्षक म्हणून नोकरीही नाही.

आईची काळजी खोटी नाही. संस्थांच्या शाळांत सुरुवातीला पगार बेताचा असतो, सरकारी योजनांतली पदंही बरीचशी कंत्राटी असतात. पण गरज मोठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये नेहमीच्या शाळांसाठीही प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. ही पदं भरायला नोंदणी असलेली माणसं लागणारच आहेत.

अर्ज भरण्याआधी पर्वरीचं संजय स्कूल किंवा ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, या विशेष शाळांपैकी जी सोयीची पडेल तिथे आधी विचारून जा. आईलाही सोबत ने. तिथल्या शिक्षिकांना पगार, सुट्ट्या, बढती, सगळं तिलाच विचारू दे.