सहलीची तारीख पंचांगात पाहा

प्रश्न : आठवीच्या 40 मुलांना खडकाळ किनाऱ्याचा अभ्यास करायला हरिहरेश्वरला न्यायचे आहे. पहाटे निघून रात्री परत, असा बेत आहे. तिथे नेमके काय करून घ्यावे? – एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : आधी मुक्कामाची सोय करा. ताम्हिणीमार्गे पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओहोटी खोल जाते खरी, पण ती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. दुपारी बाराला भरती असते आणि खडक पाण्याखाली जातात. अष्टमीला ओहोटी दुपारी मिळते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची; खालचे खडक उघडे पडतच नाहीत. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम; म्हणूनच आदल्या रात्रीचा मुक्काम हवा. हा झाला अंदाज. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्या. पावसाळा टाळा.

आठ-आठ मुलांचे पाच गट करा, प्रत्येकाबरोबर एक मोठे माणूस हवेच. प्रत्येक गटाला अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि कोपऱ्यांसाठी चार एल्बो (काटकोनी जोड) द्या. ते जोडून मोजणीची चौरस चौकट होते. तिची प्रत्येक बाजू आतून 50 सेंमी भरली पाहिजे. पाइपला भोके पाडा, नाहीतर ती डबक्यात तरंगते. दर 10 सेंमीवर नायलॉनची दोरी आडवी-उभी ओवली की 25 घरे होतात. एक घर म्हणजे चौकटीतल्या जागेचे 4 टक्के. भरतीच्या खुणेपासून पाण्याकडे 30 मीटर दोरी ताणा आणि दर 5 मीटरवर चौकट ठेवून कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले), बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), शंख, शेवाळ यांनी किती घरे व्यापली याची नोंद करा. चौकट मुले हमखास ‘चांगल्या’ जागी सरकवतात. तसे झाले की आकडे निरर्थक ठरतात. दोरीवरची खूण येईल तिथेच ती ठेवायची.

ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत झपाट्याने चढते. मंदिराच्या प्रदक्षिणेच्या वाटेखालच्या खडकांवर मुलांना नेऊच नका, तिथली लाट माणसाला ओढून नेते. चपला नकोत, कालवांच्या कडा पाय कापतात. पकड असलेले बंद बूट हवेत. उलटलेला दगड तसाच राहिला तर खालचे जीव उन्हात मरतात, तो पूर्ववत ठेवायला लावा.

प्रश्न : शाळेच्या संग्रहासाठी रिकामे शंख आणावेत का?

उत्तर : नाही. त्यात संन्यासी खेकडे घर करतात. शंकूच्या आकाराच्या जिवंत शंखाचा दंश विषारी असतो. शिवाय काही जातींना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शेजारी पट्टी ठेवून जागेवरच फोटो घ्या.