फ्लॅटबेडवर चढताना: हार्नेसच्या आधी बघायच्या गोष्टी

फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट ट्रकवर, ताडपत्री टाकायला रोज वर चढावं लागतं, तर कोणता हार्नेस (पडताना अडवणारा अंगावरचा पट्टा) घेऊ, असं तुम्ही विचारलंय. काळजी रास्त आहे, पण नुसता हार्नेस घेऊन निर्धास्त होऊ नका.

हिशोब बघा. हार्नेसची नेहमीची २ मीटरची दोरी पायाजवळ गाडीलाच अडकवली, तर ती ताणेपर्यंतच तुम्ही बरेच खाली आलेले असता. मग दोरीवरची झटका शोषणारी पिशवी उलगडते, ती आणखी पावणेदोन मीटरपर्यंत. त्यात माणसाची उंची धरली की खाली साधारण ६ मीटर मोकळी जागा हवी. डेक, म्हणजे माल ठेवायचा सपाट भाग, जमिनीपासून जेमतेम सव्वा ते दीड मीटर! दोरी ताणायच्या आतच माणूस जमिनीवर आपटतो. हार्नेस कामाला येतो तो दोनच वेळा: डोक्यावर पक्की रेल आणि आपोआप आवळणारा ब्लॉक (सैल दोरी आत ओढून घेणारं आणि पडताच ती अडवणारं यंत्र) असेल तेव्हा, किंवा कडेपर्यंत पोचताच येणार नाही इतकी दोरी आखूड असेल तेव्हा. मालाच्या पट्ट्याला तर हूक कधीच अडकवू नका.

सव्वा मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मलाही वाटायचं. ताडपत्रीची कड दोन्ही मुठींत धरून मी मागे मागे सरकत ओढत होतो. ती कोपऱ्यात अडकली होती, म्हणून जोर लावला आणि ती एकदम सुटली. पुढचं पाऊल डेकवर पडलंच नाही. एवढ्या उंचीवरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात माणूस सावरत नाही. माझं मनगट मोडलं. डोकं आपटलं असतं तर हे लिहायला मी नसतो. तेव्हापासून वर असताना उलटं चालायचं नाही, हा माझा नियम आहे. ओढायचं असेल तर ते जमिनीवर उभं राहून.

खरं तर बरंचसं काम खालूनच होतं. माल आवळायचे रॅचेटचे पट्टे लांब काठीने मालावरून पलीकडे सरकवता येतात. फक्त आधी हाक मारून पलीकडे कोणी नाही ना बघा, पट्ट्याचा हूक डोक्यात बसला तर कवटी फुटेल. ताडपत्रीची घडी माल भरतानाच फोर्कलिफ्टने वर ठेवून घ्या. फोर्कलिफ्ट चालू असताना मात्र डेकवर कुणीही नको, एका धक्क्यात तोल जातो.

चढावंच लागलं तर किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला, बुटांच्या तळाचं ऑइल पुसलेलं. उतरताना तोंड गाडीकडे, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. उडी नको. टायरवर पाय देऊन उतरायची सवय तर आजच सोडा, ओल्या रबरावरून पाय कधी सटकेल कळतही नाही. वाऱ्यात ताडपत्री शिडासारखी फुगते आणि माणसाला उचलते, तेव्हा गाडी आडोशाला घ्या, उशीर झाला तरी चालेल.

तुमचा माल कशा आकाराचा असतो, आणि भरायच्या जागी कठड्याचा प्लॅटफॉर्म आहे का, ते लिहा. म्हणजे ताडपत्रीचं नेमकं सांगता येईल.